ग्रामसभेची विभक्ती
आदिवासींच्या हातून वनसंवर्धन आणि त्यासाठीचा निधी : चार मसुद्यांचे वाचन

२९ ऑगस्ट २०१९ रोजी केंद्र सरकारने २७ राज्यांच्या हाती वनीकरणासाठी ४७,४३६ कोटी रुपये सुपूर्द केले. त्यांतले सुमारे ३,८४४ कोटी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. जंगल राखण्याच्या नावाने एका दिवसात एवढी रक्कम या देशात त्याआधी वाटली गेल्याचे माझ्या वाचनात नाही. या रकमेतला एक रुपया कुठे आणि कसा खर्चायचा, हे ठरवण्याचा अधिकार अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील एकाही ग्रामसभेला नाही. हे गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही. कायद्याचा मजकूर ओळीने वाचला की हाती येणारा हा निष्कर्ष आहे. आणि मजकूर ओळीने वाचणे हेच समीक्षेचे काम असल्यामुळे या लेखाला वाङ्मयीन अंकात जागा मागण्याचे धाडस करतो आहे.

मी कायद्याचा पदवीधर नाही. राजपत्रे, शासन निर्णय आणि नियमांच्या पुस्तिका गरजेपोटी वाचत गेलो आणि वाचता वाचता एक सवय जडली. कायद्याच्या प्रत्येक वाक्यात ग्रामसभा कोणत्या विभक्तीत उभी आहे, ते पाहायचे. शाळेत शिकलेले व्याकरण इथे उपयोगी पडते. प्रथमेत असेल तर ती कर्ता आहे: ‘ग्रामसभा ठरवील’. चतुर्थीत असेल तर तिला काही मिळणार आहे: ‘ग्रामसभेला देण्यात येईल’. तृतीयेत असेल तर कर्ता दुसराच आहे आणि त्याने हिच्याशी नुसते बोलायचे आहे: ‘ग्रामसभेशी विचारविनिमय करून’. सप्तमीत असेल तर ती केवळ जागा आहे: ‘गावात रोपवन घेण्यात येईल’. केंद्रीय कायद्यांचे मूळ मसुदे इंग्रजीत असतात. पण ते मराठीत उतरवून पाहिले की हा भेद लपत नाही.

आदिवासींनी स्वतः चालवलेल्या भूसंवर्धनासाठी कायद्याने निधी उभारावा, हा विचार कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत आता रुजला आहे. आपल्याकडे असा एकही कायदा नाही. मात्र त्याचे तुकडे चार ठिकाणी विखुरलेले आहेत: २००६ चा वनहक्क कायदा, २०१६ चा पर्यायी वनीकरण निधी कायदा, २००२ चा जैविक विविधता कायदा आणि महाराष्ट्राच्या राज्यपालांनी पेसा क्षेत्रासाठी आणलेला पाच टक्के अबंध निधी. हे चारही मसुदे अकोल्याच्या मातीवर ठेवून वाचायचे, एवढाच या लेखाचा आवाका आहे.

ज्या भूमीवर हे वाचायचे

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा कणा. १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड, आणि मधल्या खोऱ्यांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे, वाड्या. इथली गावे नावनिशीवार पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. १९८६ मध्ये याच भागात ३६१.७१ चौरस किलोमीटरचे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. म्हणजे एकाच जमिनीवर दोन सीमारेषा आखल्या गेल्या. एक सांगते की इथे आदिवासींच्या स्वशासनाला विशेष संरक्षण आहे. दुसरी सांगते की इथे वन्यजीवांना विशेष संरक्षण आहे आणि ते वनखाते देईल.

या डोंगरांवर प्रवरा उगम पावते आणि मुळाही. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या शेतांत जाते. ज्या साखरपट्ट्याने हा जिल्हा सहकाराच्या इतिहासात नेला, तिचे पाणी अकोल्याच्या जंगलातून झिरपलेले आहे. मुळा धरणातून खुद्द जिल्ह्याच्या शहराची तहान भागते. तेव्हा अकोल्यातले जंगल कोण राखतो आणि त्याला त्या कामाचे काय मिळते, हा फक्त आदिवासींचा प्रश्न नाही. उसाला पाणी देणाऱ्या आणि नळ उघडणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

राखणे म्हणजे नेमके काय, तेही स्पष्ट करायला हवे, कारण कायदे या शब्दापाशी नेहमी घाईने पुढे सरकतात. उन्हाळ्याआधी जाळरेषा काढायच्या. वणवा लागला तर रात्री-बेरात्री ओल्या फांद्या घेऊन धावायचे. घाणेरी माजली की उपटायची. झऱ्यांची तोंडे मोकळी ठेवायची. बाळहिरडा गोळा करताना फांदी मोडायची नाही, कारण तेच झाड पुढच्या वर्षीही पैसे देणार आहे. देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा विद्यापीठांना या राखणीची दखल घ्यावी लागली. पण ही सगळी कामे माणसांच्या दिवसांनी मोजली जातात. आणि ज्या घरातला माणूस जाळरेषेवर उभा राहतो, त्या घराचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

माणूस आणि जंगल यांना वेगळ्या खात्यांत टाकण्याची रीत जुनी आहे. १८८४ च्या अहमदनगर गॅझेटिअरमध्ये लोक हे एक प्रकरण आणि जंगल हा दुसराच विषय. त्याच सुमारास जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने शेतकऱ्यांची गुरेचराई कशी बंद केली, याचा पाढा वाचला होता. पुढे गो. स. घुर्ये यांनी १९५७ मध्ये महादेव कोळ्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. नंतर त्याच समाजातून आलेल्या गोविंद गारे यांनी मराठीत लिहिले. ज्याच्याविषयी लिहिले जाते तो लिहू लागला, की वाक्याचा कर्ता बदलतो. साहित्यात हे घडले. कायद्यात ते कुठवर आले आहे, ते आता पाहू.

हक्क आहे, पैसा नाही

वनहक्क कायदा डिसेंबर २००६ मध्ये संसदेने संमत केला आणि ३१ डिसेंबर २००७ पासून तो लागू झाला. आपल्याकडे त्याची चर्चा बहुधा प्लॉटच्या अंगाने होते: किती दावे, किती मंजूर, किती फेटाळले. पण या कायद्याचा खरा गाभा कलम ३(१)(झ) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीत आहे. गावाने परंपरेने राखलेल्या सामूहिक वनाचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ती तरतूद मान्य करते. कलम ५ त्याहून पुढे जाते. वन्यजीव, वन आणि जैवविविधता यांना बाधक ठरणारे कोणतेही काम थांबवण्याचा आणि सामूहिक वनात कोणी यावे-जावे याचे नियमन करण्याचा निर्णय ग्रामसभेने घेतला, तर तो पाळला जाईल याची तजवीज करण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. हा कायदा अभयारण्यांनाही लागू आहे. वनजमिनीच्या व्याख्येतच अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने घेतलेली आहेत. नियमांनुसार ग्रामसभा आपली संरक्षण समिती नेमते आणि व्यवस्थापनाचा आराखडा करते.

इथे ग्रामसभा निःसंशय प्रथमेत आहे. स्वतंत्र भारताच्या वनविषयक कायद्यांत आदिवासी गावाला संवर्धनाचा कर्ता म्हणणारा दुसरा इतका स्पष्ट मजकूर मला सापडलेला नाही. त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण संपूर्ण कायदा वाचून काढला, तरी त्यात ‘निधी’ या शब्दापाशी थांबावे असे एकही कलम नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत शासकीय योजनांचा लाभ हक्कधारकांपर्यंत पोचवावा, असे म्हटले आहे. म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या ताटातले. याचा अर्थ अकोल्यात उदाहरणाने पाहता येतो. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादडा या झाडांवर काजवे फुलतात आणि ते पाहायला शहरांतून गाड्यांच्या रांगा लागतात. गाड्यांचे दिवे, विजेऱ्या, झाडाखालची गर्दी हे काजव्यांच्या मिलनकाळाला बाधक आहे. कलम ५ प्रमाणे सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा ठराव करू शकते, की अमुक वाजल्यानंतर गाडी आत सोडायची नाही. ठराव करायला कागद पुरतो. तो पाळून घ्यायला फाटकावर रात्रभर माणसे लागतात, आणि त्या माणसांना मजुरी लागते. पर्यटकांकडून शुल्क घेण्याची यंत्रणा मात्र वनखात्याच्या हातात आहे. हक्क देणाऱ्या कायद्याने हक्क बजावण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकला, याचे उत्तर त्याच्या मौनातून मिळते: गावाच्या.

पैसा आहे, हक्क नाही

आता दुसरा मसुदा. त्याचा जन्म गोदावर्मन खटल्यात झाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००२ मध्ये आदेश दिला, की वनजमीन खाण, धरण, रस्ता अशा कामांसाठी वळवणाऱ्याने पर्यायी वनीकरणाचा खर्च आणि जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे आणि ते स्वतंत्र निधीत जमा व्हावे. पैसा साचत गेला आणि त्याला कायद्याची चौकट मिळाली २०१६ मध्ये. सरकारी भाषेत आणि गावच्या बोलण्यात त्याला ‘कॅम्पा’ म्हणतात. यातले ९० टक्के राज्यांकडे जातात, १० टक्के केंद्राकडे राहतात.

याच गोदावर्मन खटल्यात १४ फेब्रुवारी २००० रोजी आणखी एक आदेश झाला होता. अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांतून वाळलेली, पडलेली झाडे आणि गवतसुद्धा काढून नेण्यास त्याने मनाई केली. एकाच खटल्याने अभयारण्यातल्या गावाच्या हातातला विळा काढून घेतला आणि जंगलाच्या नावाने तिजोरीही उघडली. दोन्ही आदेश शेजारी ठेवून वाचले, की विळा कोणाचा गेला आणि किल्ली कोणाकडे आली, हे समजते.

कायद्यातली ‘पर्यावरणीय सेवां’ची व्याख्या मला या सगळ्या मजकुरातला सर्वांत बोलका भाग वाटतो. जंगलाचे मूल्य काढताना काय काय मोजायचे, याची ती यादी आहे. लाकूड, गौण वनोपज, सरपण, चारा, पाणी, चराई तीत आहेत. इतकेच नव्हे तर जंगलापासून मिळणारे आध्यात्मिक, सौंदर्यविषयक आणि प्रतीकात्मक लाभही आहेत. म्हणजे महादेव कोळ्याच्या गाईचा चारा, ठाकरणीच्या डोक्यावरची मोळी आणि देवराईतला देव, या तिन्हींची किंमत मोजली गेली आहे. २००८ च्या आदेशानुसार ही किंमत जंगलाच्या प्रकाराप्रमाणे हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होती. अभयारण्य असेल तर त्याच्या पाचपट. २०२२ मध्ये हे दर वाढवण्यात आले. जुन्या दराने धरले, तरी अभयारण्यातला एक हेक्टर वळवायचा तर किमान २१.९० लाख. हिशेब चोख आहे. फक्त ज्याचा चारा मोजला, त्याला या रकमेचा धनी म्हटलेले नाही. बिल गावच्या जिन्नसांचे झाले आणि पावती दुसऱ्याच्या नावाने फाटली.

मग ग्रामसभा या कायद्यात कुठे आहे? कायद्याच्या यंत्रणेत राज्य प्राधिकरणाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, सुकाणू समितीचे मुख्य सचिव आणि कार्यकारी समितीचे वनखात्याचे प्रमुख आहेत. समितीत एक जागा आहे ती ‘आदिवासी विषयांचा तज्ज्ञ किंवा आदिवासी समाजाचा प्रतिनिधी’ अशा सदस्याची. यातला ‘किंवा’ थांबून वाचण्यासारखा आहे. आदिवासींविषयी जाणणारा आणि आदिवासी, हे एकमेकांच्या जागी चालतील, असे तो शब्द सांगतो. दोघांपैकी कोणीही आला तरी त्याची नेमणूक सरकार करणार.

जुलै २०१६ मध्ये हे विधेयक राज्यसभेत आले, तेव्हा जयराम रमेश यांनी ग्रामसभेची संमती बंधनकारक करणारी दुरुस्ती मांडली होती. तत्कालीन पर्यावरणमंत्री अनिल माधव दवे यांनी नियम करताना याची काळजी घेऊ, असे आश्वासन दिले आणि दुरुस्ती मागे घेतली गेली. ऑगस्ट २०१८ मध्ये नियम आले. त्यांत कामे ग्रामसभेशी किंवा वन समितीशी ‘विचारविनिमय’ करून आणि जिथे लागू असेल तिथे वनहक्क कायद्याशी सुसंगत राहून करावीत, असे आहे. संमती मागितली होती. मिळाला तो विचारविनिमय. त्यालाही पुन्हा ‘किंवा’ची जोड आहे: ग्रामसभा नसेल तर वनखात्याच्या पुढाकाराने बनलेली समितीही चालेल. संमतीत ‘नाही’ म्हणता येते. विचारविनिमयात ‘नाही’ म्हटले तर तेही विचारविनिमय झाल्याच्या नोंदीत जाते.

परिणाम जमिनीवर वाचता येतो, आणि तोही मजकुराच्या रूपातच. राज्यात कुठेही रोपवनाच्या कडेला उभा असलेला फलक पाहा. योजनेचे नाव, वर्ष, क्षेत्र, खड्ड्यांची संख्या, रोपांच्या प्रजाती. गाव असते ते ‘मौजे’ या शब्दापुढे, म्हणजे सप्तमीत. इथे आधी काय होते, गवताचा माळ होता की सडा होता, गुरे कुठल्या वाटेने जात होती, हे तो फलक सांगत नाही. सड्यावर आणि गवताळ माळावर झाडे लावणे हे संवर्धन नसते, ही गोष्ट गुराख्याला ठाऊक असते. पण ‘लावलेली रोपे’ हाच ज्या खर्चाचा पुरावा आहे, त्या खर्चाला ती ऐकू येत नाही.

सगळ्यांत मोठा पेच याहून खोल आहे. कॅम्पाचा पैसा जंगल गेल्यावर जन्माला येतो. ज्या गावाने आपले जंगल जाऊ दिले नाही, त्याच्या राखणीने या निधीत एक रुपयाही जमा होत नाही. अकोल्यातले जंगल टिकले, म्हणून ते या कायद्याच्या हिशेबात उत्पन्नाच्या बाजूला येतच नाही.

खिसा आहे, नाणे नाही

जैविक विविधता कायदा २००२ चा. त्यात प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि स्थानिक जैवविविधता निधी सांगितला आहे. कल्पना उत्तम. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बी राखले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या तालुक्यातल्या प्रत्येक गावाला अशी एक बियाण्याची पेटी आणि तिला लागणारा पैसा असावा, असे वाचताना वाटते. पण निधीचा झरा कोणता, हे पाहिले तर अनुदान, शुल्क आणि राज्य सरकार ठरवील ते स्रोत. दरवर्षी ठराविक रक्कम येईलच, अशी हमी नाही. शिवाय समिती स्थानिक संस्थेची, म्हणजे बहुधा ग्रामपंचायतीची, ग्रामसभेची नाही.

चौथा मसुदा आपल्या घरचा आहे आणि मला चौघांत तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तत्कालीन राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी पाचव्या अनुसूचीतले अधिकार वापरले आणि आदिवासी उपयोजनेच्या किमान पाच टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट द्यावी, असे ठरले. २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने ते अमलात आले. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत हे क्षेत्र पसरले आहे. आपल्या जिल्ह्यात ते अकोल्यात आहे. या निधीतून काय करावे, हे ग्रामसभा ठरवते. विषयांत पायाभूत सुविधा, आरोग्य-शिक्षण, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आणि वन्यजीव संवर्धन, जलसंधारण, वनाधारित उपजीविका असे गट आहेत.

इथे दोन गोष्टी घडल्या आहेत. ग्रामसभा चतुर्थीत आली: तिला मिळते. आणि खर्च ठरवताना ती प्रथमेतही आली: ती ठरवते. आदिवासींच्या नेतृत्वाखालच्या संवर्धनाला कायद्याच्या बळावर पैसा पोचवण्याच्या सर्वांत जवळ आपण गेलो ते इथेच. हजारो कोटींच्या कॅम्पाला जे जमले नाही, ते उपयोजनेच्या विसाव्या हिश्श्याने रचनेत साधले.

तरीही त्यात तीन उणिवा आहेत. पहिली वाटपाची. रक्कम लोकसंख्येच्या प्रमाणात येते. शाळा आणि दवाखान्यासाठी हे न्याय्य आहे, जंगलासाठी नाही. कुमशेतसारख्या डोंगरातल्या गावाची वस्ती थोडी आणि भोवतालचे रान अफाट. रस्त्यालगतच्या मोठ्या गावाची वस्ती जास्त आणि रान थोडे. दुसरी उणीव अशी, की संवर्धनाला रस्ता, गटार आणि शाळेच्या छपराबरोबर एकाच ताटात बसवले आहे. मार्च-एप्रिलमध्ये हंड्यासाठी मैलभर चालणारी बाई जाळरेषेऐवजी नळाला हात वर करील, आणि त्यात तिची काहीही चूक नाही. नळ हा तिचा नागरिक म्हणून हक्क आहे. तो तिला संवर्धनाच्या पैशातून विकत घ्यावा लागू नये. तिसरी उणीव पात्राची. पैसा येतो ग्रामपंचायतीमार्फत, आणि एका ग्रामपंचायतीखाली अनेक वाड्या असतात. २०१४ च्या महाराष्ट्र पेसा नियमांनी वाडीला, पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेण्याची वाट मोकळी केली. पण ती वाट न चाललेली ठाकरवाडी मूळ गावठाणाच्या सभेत अल्पमतात बसते, आणि जंगलाला सर्वांत लगटून राहणारी बहुधा तीच असते.

दूरचे दोन नमुने, जवळचा एक

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रेट बेअर नावाचे ६४ लाख हेक्टरांचे वर्षावन आहे. तिथल्या मूळ रहिवासी राष्ट्रांच्या लढ्यानंतर २००७ मध्ये १२ कोटी डॉलरचा निधी उभा राहिला. निम्मी रक्कम खासगी प्रतिष्ठानांची. ती संवर्धनासाठी कायम ठेव म्हणून ठेवली. उरलेली निम्मी केंद्र आणि प्रांत सरकारांची. ती त्या समाजांच्या अर्थव्यवस्थेसाठी. नंतर २०१६ मध्ये प्रांतिक कायद्याने तिथल्या ८५ टक्के जंगलाला व्यापारी तोडीपासून संरक्षण मिळाले. ऑस्ट्रेलियात १९९८ मध्ये नांतावरिना हे पहिले ‘मूळनिवासी संरक्षित क्षेत्र’ अद्न्यामथन्हा लोकांनी स्वेच्छेने जाहीर केले, आणि सरकार त्यांना राखणीसाठी पैसा देते. या दोन्ही ठिकाणची जमीन, लोकसंख्या आणि इतिहास सह्याद्रीहून वेगळा आहे. तिथला मसुदा इथे आणून डकवता येणार नाही. घेण्याजोगी गोष्ट एकच: जंगल टिकवणे हे तिथे मजुरीला पात्र ठरलेले काम आहे, आणि निधीची रचना ते टिकण्याशी जोडलेली आहे.

दूर जायलाही नको. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून ग्रामसभेने स्वतःच्या कमाईचा निधी उभा केला. पण मेंढ्याकडे बांबू होता. अभयारण्यातल्या अकोल्याकडे विकायला मुख्यतः हिरडा आहे, आणि त्याचा भाव बाजाराच्या लहरीवर. ज्या जंगलाची सर्वांत मोठी पैदास पाणी आहे आणि ते पाणी फुकट खाली जाते, त्या जंगलाच्या ग्रामसभेने स्वतःच्या कमाईवर राखण करावी, हे म्हणणे न्यायाला धरून नाही. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात संवर्धन करणाऱ्या स्थानिकांना सेवाशुल्क देण्याची कल्पना मांडली होती. अहवालावर वाद खूप झाला. या कल्पनेवर फारसा झाला नाही, आणि म्हणूनच ती तशीच राहिली.

आक्षेपांची बाजू

ग्रामसभेच्या हाती एवढा पैसा देण्याला विरोध करणारे सगळेच आदिवासींचे वैरी नसतात. त्यांचे म्हणणे असे, की गावातही दांडगे असतात. तांत्रिक ज्ञान नसते. हिशेब राहत नाही. उद्या पर्यटनाच्या लोभाने गावच जंगल विकेल. यातला पहिला आणि शेवटचा धोका खरा आहे. भंडारदऱ्याच्या काठावर तंबूंची रांग लावणाऱ्यांत स्थानिक तरुणही आहेत, आणि त्यांना पोटासाठी तेवढाच मार्ग दिसतो.

पण या आक्षेपांचे उत्तर ग्रामसभेला तृतीयेत ढकलणे हे नाही. वनहक्काच्या नियमांत गणपूर्तीला निम्मी उपस्थिती आणि तीत किमान एकतृतीयांश महिला लागतात. वनखात्याच्या कोणत्या बैठकीला अशी अट आहे? हिशेबासाठी लेखापरीक्षण लावावे, कडक लावावे. तांत्रिक सल्ला खात्याने द्यावा. सल्ला देणारा आणि ठरवणारा एवढी अदलाबदल झाली, तर खात्याचा अनुभव वाया जाणार नाही. आणि तंबू लावणाऱ्या तरुणाला राखणदाराची बारमाही मजुरी मिळाली, तर काजव्याच्या झाडाखालून गाड्या हटवणारा पहिला माणूस तोच असेल.

नवा मसुदा आला तर

वने १९७६ पासून समवर्ती सूचीत आहेत. विधिमंडळाने मनावर घेतले, तर महाराष्ट्राला स्वतःचा ‘ग्रामसभा वनसंवर्धन निधी’ कायदा करता येईल. तो कधी आलाच, तर त्याची प्रस्तावना कितीही भावपूर्ण असली तरी ती वाचण्यात मी वेळ घालवणार नाही. मी थेट चार जागा पाहीन.

पहिली जागा: पैसा कोणाच्या नावे आहे. सामूहिक वनहक्क असलेली किंवा त्याचा दावा केलेली ग्रामसभा, वाडीची असो वा गावाची, खातेदार हवी. दुसरी: वाटपाचे माप कोणते. लोकसंख्येबरोबर राखलेल्या क्षेत्राचे हेक्टर त्यात मोजलेले हवेत. तिसरी: झरा कोणता. जंगल तुटल्यावर मिळणाऱ्या भरपाईवर तो उभा असेल, तर तो संवर्धनाचा निधी नव्हे. धरणाखालच्या पाणीपट्टीचा अंश, पर्यटन शुल्क आणि अर्थसंकल्पातला निश्चित वाटा यांतून दरवर्षी येणारी रक्कम हवी. चौथी: कामाची व्याख्या. रोप लावणे हे काम आणि रोप न लावता गवत राहू देणे हेही काम. वणवा विझवणे, घाणेरी काढणे, रात्री फाटकावर बसणे ही सगळी मजुरीला पात्र कामे, असे शब्दांत लिहिलेले हवे. कॅम्पासह दुसऱ्या कोणत्याही निधीतून गावाच्या रानात काम करायचे, तर आधी ग्रामसभेचा लेखी ठराव. तिथे ‘संमती’ हाच शब्द हवा.

कोणी म्हणेल, शब्दांनी काय होते, अंमलबजावणी महत्त्वाची. अकोल्यात मला हे अनेकदा ऐकवले गेले आहे. पण २०१६ आणि २०१८ च्या दरम्यान संमतीचा विचारविनिमय झाला, तेव्हा अंमलबजावणी बिघडली नव्हती. शब्द बदलला होता. त्यानंतर नियमांचे तंतोतंत पालन झाले, तरी ग्रामसभेला ‘नाही’ म्हणता येणार नाही. ज्या कायद्याचे प्रामाणिक पालनच अन्याय करते, त्याची दुरुस्ती कागदावरच सुरू व्हावी लागते.

पुढच्या वर्षी अभयारण्य जाहीर झाल्याला चार दशके पूर्ण झालेली असतील की त्याहून जास्त, हा हिशेब वाचकाने अंक हातात घेतलेल्या सालाप्रमाणे करावा. मधल्या काळात या डोंगरांत जे हिरवे उरले आहे, त्यातले बरेचसे बिनपैशाच्या राखणीने उरले आहे. ही राखण करणारी पिढी म्हातारी होते आहे आणि त्यांची मुले नारायणगाव, संगमनेर, नाशिकच्या रस्त्याला लागली आहेत. फेब्रुवारीत जाळरेषा काढायला गावात हात उरले नाहीत, तर कोणत्याही विभक्तीतली ग्रामसभा जंगल वाचवू शकणार नाही. निधीचा कायदा त्याआधी यायला हवा.